'सिन्स'ने खाल्लेले गुण

सोलापूरच्या नवी पेठेत आमचं चादरी-टॉवेलचं छोटं दुकान आहे. एप्रिलच्या उन्हात दुपारी दोन ते चार गिऱ्हाईक फिरकत नाही. तेव्हा मी गल्ल्यावर बसून बँकेच्या पूर्वपरीक्षेसाठी एरर स्पॉटिंग, म्हणजे इंग्रजी वाक्यातली चूक शोधायचे प्रश्न, सोडवते. इंग्रजीचे ३० प्रश्न, २० मिनिटं. चार चुकले की कमावलेला एक गुण जातो.

क्लासचे सर म्हणायचे, "वाचत राहा, कान तयार होतो." माझा कान तयारच होता, फक्त सोलापुरात झालेला. परवा वाक्य आलं, 'आय हॅव नोन हिम सिन्स टू इयर्स.' दोनदा वाचलं, काही खटकेना. 'नो एरर'वर खूण केली. खटकणार कसं? आपण 'सोमवारपासून' म्हणतो आणि 'दोन वर्षांपासून'ही. इंग्रजीत सोमवारला सिन्स, दोन वर्षांना फॉर. 'डिस्कस्ड अबाउट'चंही तेच. 'विषयी चर्चा'तलं 'विषयी' गुपचूप अबाउट होऊन शिरतं. म्हणून वहीत आता प्रत्येक चुकीसमोर तिचं मराठी मूळ लिहिते.

एक नियम मात्र फुकटात मिळाला. पप्पा म्हणाले, "दोन चादरी आणि एक टॉवेल दिला, मांड." मी मांडलं, 'एक टॉवेल आणि दोन चादरी दिल्या.' आणि पेन थांबलं. क्रम बदलला तसा 'दिला'चा 'दिल्या' झाला. आपलं क्रियापद शेजारच्या नामाकडे बघतं! नीदर-नॉरमध्ये इंग्रजीही तेच करते : 'नीदर द मॅनेजर नॉर द क्लार्क्स वेअर प्रेझेंट.' त्यानंतर नीदर-नॉर चुकलं नाही. अतिउत्साहात हाच न्याय अँडला लावला आणि तिथे गुण घालवला. मॅनेजर अँड क्लार्क म्हटलं की सरळ अनेकवचन, शेजारी कोणीही असो.

'द लिस्ट ऑफ कँडिडेट्स हॅव बीन पब्लिश्ड' असलं काही आलं की 'ऑफ कँडिडेट्स'वर अंगठा ठेवते. उरते लिस्ट, मग हॅजच. पप्पांना वाटतं मी कागदावरची माशी दाबतेय.

आजचा हिशेब : दहापैकी आठ. एक चूक जुनीच, सिन्सची. दुसऱ्या वाक्यात खरंच काही चुकलेलं नव्हतं. तिथे मी दोन मिनिटं खपून चूक शोधून काढली.