कोणी नाही

रुसण्याचं माझं वय राहिलेलं नाही, तरी दुपारपासून मी रुसून बसले आहे, आणि जिच्यावर रुसले तिला त्याचा पत्ताही नाही. कारण इतकं किरकोळ आहे की इथे लिहितानाही लाज वाटते. माझ्या नणंद, ताई, आल्या होत्या. आमची मुलं शाळेत जात नाहीत, घरीच शिकतात. निघताना, चपला घालता घालता त्यांनी धाकटीला विचारलं, "काय गं, घरी शिकवतं कोण तुला?" धाकटी लंगडी घालत पॅसेजमधून दारापर्यंत आली आणि म्हणाली, "कोणी नाही."

झालं. एवढंच.

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेचं मला आता काही वाटत नाही, तिची सवय झाली आहे. मी हसले, "आमचं असंच असतं" असं काहीतरी बोलले, दार लावलं आणि भांडी घासायला लागले. दोन पातेली घासून झाल्यावर लक्षात आलं की मी ती फारच जोर लावून घासते आहे.

कोणी नाही म्हणे!

मग काल रात्री दोरा, मोजपट्टी आणि तीन वेगवेगळ्या वजनांचे नट टेबलावर कोणी ठेवले होते? आमच्या घरात सहज पडलेली कुठलीच वस्तू सहज पडलेली नसते. पुस्तक उघडं दिसलं तर ते त्याच पानावर उघडं ठेवलेलं असतं. भिंग खिडकीत असलं तर त्या आधी खिडकीत एक मेलेला भुंगा येऊन पडलेला असतो आणि तो झाडून टाकायचा नाही असं मी ठरवलेलं असतं. ही सगळी मांडामांड बाकीचे झोपल्यावर चालते. सकाळी कोणीतरी तिथे अडखळतं, "आई, हे काय आहे?" म्हणतं, आणि मी म्हणते, "कोण जाणे. काय असेल?"

इतकी वर्षं "कोण जाणे" म्हणत राहिल्यावर पोरीने मला "कोणी नाही" म्हटलं तर बोलायला मला जागा कुठे आहे? पण लागलं. लागायचं ते लागलंच.

आजचीच गोष्ट घ्यायची तर, दोऱ्याला नट बांधून तिने तो दाराच्या चौकटीला टांगला आणि झोका द्यायला लागली. मोबाइलमधलं स्टॉपवॉच थोरल्याकडून मिळवलं, अर्थात भांडून. एक मीटर दोरा, दहा हेलकावे, वीस सेकंद. मग जड नट लावला. तिला खात्री होती की आता तो जास्त जोरात जाणार. पुन्हा वीस. सर्वांत जड लावला. वीस. "घड्याळ बिघडलंय," असं जाहीर झालं. थोरला म्हणाला, घड्याळ ठीक आहे, तूच बिघडली आहेस. त्यावर जे झालं ते लिहीत नाही.

मी तिथेच होते. कपड्यांच्या घड्या घालत. तोंडात उत्तर तयार होतं, गॅलिलिओपासून सगळं. वजनाने फरक पडत नाही, लांबीने पडतो, छोटा झोका असला तर झोक्याच्या रुंदीनेही जवळपास पडत नाही, हे सगळं दीड मिनिटात सांगून मोकळी झाले असते. नाही सांगितलं. एकच टॉवेल बहुतेक पुन्हा पुन्हा घडी करत राहिले. बऱ्याच वेळाने ती आपणच म्हणाली, "दोरा कापून बघू?" अर्धा कापला. अर्धा दोरा म्हणजे अर्धा वेळ, दहा सेकंद, हे तिने आधीच वहीत लिहून टाकलं होतं. आले चौदा. पुन्हा केलं, चौदा. मला तिच्या चेहऱ्याकडे बघवेना, इतकी ती चिडली होती. पण कात्री तिच्याच हातात होती. तिने त्या अर्ध्याचंही अर्धं केलं, पंचवीस सेंटिमीटर, आणि मग आले दहा.

"म्हणजे चौथा भाग केला की अर्धा होतो!" ती ओरडली. थोरल्यानेही वर पाहिलं.

वर्गमूळ हा शब्द तिला माहीत नाही. तो मी उच्चारला नाही. मला वाटतं गेल्या वर्षभरात मी केलेलं ते सर्वांत अवघड काम होतं. त्यानंतर दोन-तीन तासांत ताई आल्या आणि त्यांना उत्तर मिळालं, कोणी नाही.

रात्री ह्याला सांगितलं तर हा हसायलाच लागला. "अगं, तुला हेच हवं होतं ना?" बरोबर आहे. मला हेच हवं होतं. पण बरोबर बोलणाऱ्या माणसाचा इतका राग का येतो, हे कोणी कधीतरी शोधून काढावं. त्याच्या कामाची महिनाअखेरीस पावती येते. वर्षाअखेरीस कोणीतरी त्याच्याशी बसून बोलतं, हे चांगलं झालं, ते सुधारा. माझ्या कामात काम जितकं नीट होतं तितकं ते झालेलं दिसत नाही. वाईट झालं तर मात्र सगळ्यांना दिसतं. तिला अजून पाढे येत नाहीत हे दिसलं. ती वाचत नाही हेही दिसलं होतं.

ते वाचनाचं प्रकरण तर... आठ वर्षांची झाली तरी ती वाचत नव्हती. माझ्या आईने फोनवर विचारणं बंद केलं होतं आणि ते विचारण्यापेक्षा वाईट होतं. मी रोज रात्री वाचून दाखवायचे, घसा बसेपर्यंत. शब्दाखाली बोट फिरवायचे, तेही तिला कळणार नाही इतकं हळू, कारण तिला कळलं की ती पुस्तक मिटायची. मग एका सकाळी ती आंघोळीला बोलवूनही येईना म्हणून पाहायला गेले तर पलंगाखाली बसून वाचत होती. अख्खं पान. सगळे म्हणाले, बघ, आपोआप आलं ना! उगीच काळजी करत होतीस.

आपोआप.

ह्या शब्दाचं मला काहीतरी करायला हवं.

उशाशी होल्टचं पुस्तक आहे, म्हणून त्याच्याशीच थोडं भांडून घेते. जॉन होल्ट आधी शाळेत शिकवणारा माणूस, मग शाळा सुधारू पाहणारा, आणि शेवटी शाळेची आशा सोडून पालकांकडे वळलेला. 1977 साली त्याने बोस्टनहून घरी शिकवणाऱ्या पालकांसाठी एक नियतकालिक सुरू केलं. तो 1985 मध्ये गेला, ते मात्र 2001 पर्यंत चाललं. पालक त्यात पत्रं लिहायचे, आज असं झालं, काल तसं झालं. त्याचं मुख्य म्हणणं असं की शिकणं हे शिकवण्यातून निपजत नाही, ते मूल स्वतः करतं. मी ह्या वाक्याखाली पेन्सिलीने रेघ मारली आहे, समासात "अगदी!" असंही लिहिलं आहे. ती तेव्हाची मी. आजच्या मला होल्टला एवढंच विचारायचं आहे की, बाबा रे, तुला स्वतःची मुलं नव्हती ना?

नव्हतीच. आणि शार्लट मेसनबाईंनाही नव्हती, लग्नच केलं नव्हतं त्यांनी. 1842 साली जन्मलेल्या, 1892 मध्ये इंग्लंडमधल्या अँबलसाइडला शिक्षिका घडवणारी संस्था काढली, आणि लहान मुलांचे धडे वीस मिनिटांच्या आत आटपा, मुलाला पुस्तक देऊन त्याच्याच तोंडून ते परत ऐका, मध्ये लुडबुडू नका, असं सांगत राहिल्या. अतिशय शहाण्या बाई. मी त्यांचं पुष्कळ ऐकते. वीस मिनिटांचा नियम नसता तर आमच्या घरातला एक तरी माणूस आज दुसरीकडे राहत असता. पण मूल आपल्याच शब्दांत गोष्ट परत सांगत असताना, आणि त्यात राजाचं नाव चुकीचं येत असताना गप्प बसणं, आणि त्यानंतर त्याच मुलाला दात घासायला लावणं, मग झोपवणं, मग दुसऱ्या दिवशी उठून पुन्हा तेच, हे त्यांनी केलं नाही. मॉन्टेसरीबाईंना मुलगा होता, तोही लहानपणी दुसरीकडे वाढला. ह्यावरून काही सिद्ध होत नाही हे मला कळतं. तरी आज मला ह्या माहितीचा फार आधार वाटतो आहे.

लुडबुड न करण्यालाही एक शास्त्र आहे. 1976 साली वुड, ब्रूनर आणि रॉस ह्या तिघांनी एक निबंध लिहिला, तीन ते पाच वर्षांच्या मुलांना लाकडी ठोकळ्यांचा पिरॅमिड करायला मोठं माणूस कशी मदत करतं ह्यावर. मूल अडलं की हात पुढे करायचा, जमायला लागलं की मागे घ्यायचा. त्या आधाराला त्यांनी परांचीचं नाव दिलं, इमारत बांधताना भोवती बांबू बांधतात ती. ते वाचलं तेव्हा मला फार पटलं होतं. आज डोक्यात येतंय ते एवढंच की कोनशिलेवर आमदारापासून कंत्राटदारापर्यंत सगळ्यांची नावं असतात, बांबूवाल्याचं कोणी लिहीत नाही.

बरं, हे सगळं लिहून झाल्यावर एक प्रश्न उरतोच. नाव घेतलं असतं तर? "आई शिकवते" म्हणाली असती तर? ताईंनी लगेच विचारलं असतं, मग काय शिकवलं आईने, म्हणून दाखव बघू तेराचा पाढा. मागच्या वेळी हेच झालं होतं. पोरगी तेव्हा पडद्यामागे जाऊन बसली होती. "कोणी नाही" म्हटल्यावर मात्र ताईंकडे पुढचा प्रश्नच नव्हता. मला आत्ता, लिहितानाच, शंका येते आहे की ह्या मुलीने मोठ्या हुशारीने दार बंद केलं. तसं असेल तर तेही तिला कोणी शिकवलेलं नाही. निदान मी तरी नाही. मला अजून जमत नाही ते.

मला कोणी काय शिकवलं, ते आठवायला बसले. कित्ता गिरवून घेणारे गुरुजी आठवले, कारण त्यांची पट्टी आठवते. घड्याळ वाचायला कोणी शिकवलं, हे कितीही ताणून आठवेना. मी आपली एके दिवशी वाचायला लागले, असंच वाटत होतं. मोठ्या काकू एकदा बोलता बोलता म्हणाल्या होत्या की बाबा पुठ्ठ्याचं घड्याळ करून रोज संध्याकाळी काटे फिरवत माझ्यासमोर बसायचे. मला त्यातलं काहीही आठवत नाही. ना पुठ्ठा, ना काटे.

बाबांनी ते कधी बोलून दाखवलं नाही. विचारायचं राहिलं.

थोरल्याने परवा जे विचारलं त्याबद्दल आज लिहीत नाही. एका वेळी एकच.

तर, झोपायच्या आधी मी जरा आडून विचारलंच. उशीचा अभ्रा बदलत, अगदी सहज, म्हणजे आमच्या घरात सहज असतं तसं. "आत्याला असं का सांगितलंस गं, कोणी शिकवत नाही म्हणून?"

तिने माझ्याकडे खरोखर न कळून पाहिलं. "मग? तू कुठे शिकवतेस? तू तर नुसती बसलेली असतेस."

मी म्हटलं, हो, तेही खरंच.

आणि काय सांगू, त्या "नुसती बसलेली" ने दुपारचा अर्धा रुसवा गेला. म्हणजे मी बसलेली असते हे तिने पाहिलेलं आहे. उठून जात नाही, हेही हिशेबात आहे. नोकरीचं वर्णन म्हणून हे काही वाईट नाही. ताईंनी पुढच्या वेळी विचारलं, तू दिवसभर करतेस काय, तर मी हेच सांगणार आहे. त्यांची नजर बघायला मजा येईल.

उरलेला अर्धा रुसवा मी ठेवून घेतला आहे, कारण तिने लगेच बाजू बदलली आणि उद्याची पैज लावली. दोरा आणखी अर्धा करायचा आहे, साडेबारा सेंटिमीटर. तिचं म्हणणं आठ सेकंद येणार. वीसाचे चौदा झाले, सहाने कमी. चौदाचे दहा झाले, चाराने कमी. म्हणजे आता दोनाने कमी. तर्क इतका देखणा आहे की क्षणभर मलाही वाटलं, येतीलच आठ. "त्याच्यापुढे अर्धं केलं तर?" मी विचारलं. "मग शून्याने कमी," ती म्हणाली, आणि थांबली, आणि तिच्या कपाळावर ती आठी आली.

मी सात म्हटलं. हरेल त्याने आठवडाभर भांडी लावायची. उत्तर माहीत असताना पैज लावणं हे शिकवणं झालं का, आणि झालं तर होल्ट काय म्हणाला असता, ह्याचा विचार मी भांडी लागत असताना, नुसती बसून, करणार आहे.