कुंद्याच्या डब्यातली लग्नं

शनिवार, रात्री साडेअकरा

बेळगावच्या कुंद्याचे (आमच्याकडची दुधाची मिठाई) सहा पुठ्ठ्याचे डबे आज टेबलावर ओळीनं मांडले. एकातही कुंदा नाही. प्रत्येकात जुन्या बनियनच्या तुकड्यात गुंडाळलेली एकेक हार्ड डिस्क, आणि झाकणावर मार्करनं लिहिलेलं: लग्नं मे, लग्नं डिसेंबर, मुंज-बारसं, गणपती, खानापूर. सहाव्यावर नुसतं प्रश्नचिन्ह.

सातवा डबा रिकामा आहे. त्यातली डिस्क गेल्या पावसाळ्यात टक्‌टक्‌ करायला लागली आणि दोन दिवसांत गेली. दुसरी प्रत नव्हती. तिच्यातलं बाकीचं सगळं शूटिंग गिऱ्हाइकांना देऊन झालं होतं, एका घरची हळद तेवढी राहिली होती. श्रावणात त्या घरून फोन आला. आजी गेल्या होत्या. हळदीत त्यांनी जात्यावरच्या ओव्या म्हटल्या होत्या, तेवढा तुकडा मिळेल का? मी ‘बघतो’ म्हटलं आणि पुढचे दोन फोन उचलले नाहीत. मग त्यांनीही करायचं सोडलं. शहापुरात त्यांच्यातलं कोणी समोरून येताना दिसलं की मी अजून गल्ली बदलतो.

तर या सहा डिस्क आता कॉम्प्युटरच्या एका कॅबिनेटात, चोवीस तास चालू, आणि प्रत्येक व्हिडिओ दोन डिस्कवर. त्यासाठी ओपनमीडियाव्हॉल्ट (अशा डिस्क सांभाळणारं सॉफ्टवेअर) पेनड्राइव्हवर टाकून ठेवलंय. अडलंय ते कॅबिनेटापाशी. दुकानात जाऊन आलो. हल्लीच्या कॅबिनेटांना एका बाजूला काच, पुढं तीन रंगीत पंखे, आणि डिस्कसाठी तळाशी कोपऱ्यात दोनच घरं. ‘आता डिस्क कोण ठेवतंय’ असं दुकानातला मुलगा म्हणाला. मग माळ्यावरचं २००९ चं काळं कॅबिनेट उतरवलं. बाबांनी सोसायटीचं कर्ज काढून घेतलेला आमचा पहिला कॉम्प्युटर. पत्रा जाड आहे. पण सीडीची चार घरं, फ्लॉपीचं एक, आणि डिस्कची मोजून तीन. २००९ मध्येसुद्धा फ्लॉपी कोण घालत होतं कोण जाणे.

रविवार

भंगारातून दोन केज, म्हणजे डिस्क बसवायचे पिंजरे, मिळाले, तीन-तीन डिस्कचे. मी भाव कन्नडात विचारला, ‘एष्टु?’ त्यानं मराठीत सांगितला, आणि पैसे मोजताना दोघेही हिंदीत शिरलो. किलोवर घेतले, त्यामुळे केजचे नाही, लोखंडाचेच पैसे पडले.

दुपारभर मापं. डिस्क १४७ मिमी लांब, १०१.६ मिमी रुंद, २६.१ मिमी उंच. कंपनी कुठलीही असो, हे ठरलेलं. कॅबिनेटात पुढच्या पत्र्यापासून मदरबोर्डाच्या कडेपर्यंत १७० मिमी. पुढं २५ मिमी जाडीचा पंखा लावला की उरले १४५. दोन मिलिमीटरनं हुकलं! म्हणून केज आडवे वळवायचे, डिस्कची मागची बाजू बाजूच्या झाकणाकडे. आतली रुंदी १८२, त्यातून १४७ गेले, ३५ उरले. कागदावर बसलं. शहाणपणाच्या झटक्यात कागदाखाली सहीसुद्धा ठोकली.

सोमवार

सकाळी एक साखरपुडा होता, संध्याकाळी रिवेट.

बोर्ड, एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा), वायरी, सगळं आधी बाहेर काढलं. पत्र्याचा कीस बोर्डावर एखाद्या ठिकाणी जरी चिकटला तरी शॉर्ट होतो, आणि तो कीस दोन महिन्यांनी पंख्याच्या वाऱ्यानं उडून तिथं जाऊन बसू शकतो. जुना केज आणि वरची सीडीची घरं मिळून एकच उभा खोका होता, तळापासून छतापर्यंत रिवेटनं ठोकलेला. मोजल्या, चौदा रिवेट. ड्रिलच्या ३.२ मिमी बिटनं डोकं उडवायचं, मग उरलेला तुकडा पंचानं आत ढकलायचा. पहिल्या चार छान निघाल्या. पाचवी बिटबरोबर गरागरा फिरायला लागली, कापेचना. बिट तापून निळा पडला. अर्ध्या तासानं सुचलं, की डोक्याखाली पेचकस दाबून धरला तर ती फिरायची थांबते. बाकीच्या दहा त्याच युक्तीनं काढल्या.

चौदावी निघाली आणि तो खोका माझ्या हातात आला. खूप बरं वाटलं. आत एवढी मोकळी जागा कॅबिनेटात असते हे मला माहीतच नव्हतं. पंधरा वर्षांची धूळ, एक आठ आण्याचं नाणं आणि माझ्या दहावीच्या फोटोची एक पासपोर्ट प्रत सापडली.

मग कॅबिनेट उचललं, आणि ते डुललं.

वरच्या एका कोपऱ्याला धरलं की खालचा कोपरा मागं राहायचा. झाकण सरकवून बघितलं. खाचा जुळत नाहीत. वर जुळवलं तर खाली बोटभर फट. तासापूर्वी चौकोनी असलेली वस्तू आता पतंगासारखी तिरपी झालेली. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, ‘पडला काय रे तो डबा?’ मी म्हटलं, पडला नाही, उभाच आहे.

मंगळवार, दुपार

मामाकडे, मच्छेला. स्कूटरवर पुढं पायाशी कॅबिनेट, वर प्लास्टिकचा कागद, आणि पिरनवाडीपासून पाऊस जो धरला तो धरलाच.

मामानं सबंध आयुष्य पत्र्याच्या कपाटांत काढलंय. आधी उद्यमबागेत दुसऱ्याच्या शेडमध्ये, आता मच्छेत स्वतःच्या. कॉम्प्युटर तो फक्त बँकेत बघतो. त्यानं कॅबिनेट जमिनीवर ठेवलं, छतावर तळहात ठेवून एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं ढकललं, आणि मी काही सांगायच्या आत विचारलं, ‘मधलं काय काढलास?’

मी पिशवीतून तो खोका काढून दाखवला. म्हटलं, डिस्क ठेवायचा पिंजरा होता, लहान होता.

‘पिंजरा कुठला गा? खांब हाय हा. खांबच काढलास की. आता छप्पर हलणारच.’

मग त्यानं शेडमधलं एक अर्धवट कपाट दाखवलं. पत्रा ०.७ मिमीचा, तो म्हणतो बावीस गेज. माझ्या कॅबिनेटचाही साधारण तेवढाच. असा सपाट पत्रा हातात धरला तर लुगड्यासारखा लोंबतो. त्याला कडेनं काटकोनात घडी घातली की ताठ होतो. आणि चार ताठ कडा जोडल्या तरी चौकट तिरपी होतेच. ती सरळ ठेवायला आत कुठंतरी आडवा-उभा पत्रा ठोकलेला लागतो. कपाटात ते काम फळ्या करतात. कॅबिनेटात मागची भिंत आणि बोर्डाची प्लेट मागचं सांभाळतात, पुढचं सगळं त्या खोक्यावर होतं. कारखान्यानं एका खोक्यात दोन कामं बसवली होती, आणि मला डोळ्यांनी दिसणारं एकच दिसलं. हे मी आता इथं लिहितोय. तिथं नुसती मान हलवत होतो.

‘गुण्यात हाय काय बघ,’ म्हणत त्यानं टेप माझ्या हातात दिला. पुढच्या चौकटीचे दोन्ही कर्ण मोजायचे. दोन्ही सारखे आले तर चौकट गुण्यात. माझे आले त्यात अकरा मिलिमीटरचा फरक. मामा काही बोलला नाही. त्यानं तोंडातली सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात नेली.

पुढचा दीड तास मी नुसता धरायला होतो. त्यानं उरलेल्या पत्र्याची पट्टी कापली, बेंडिंग मशीनवर २५ बाय २५ मिमीचा एल, म्हणजे काटकोनी पट्टी, केला, तळापासून छतापर्यंतच्या उंचीचा. असे दोन. दोरी बांधून, पिळून चौकट ओढली, पुन्हा कर्ण मोजले, पुन्हा पिळली. फरक एका मिलिमीटरवर आल्यावर रिवेट मारल्या. मग माझे दोन केज एकावर एक त्या दोन एलच्या मध्ये, तळालाही जोडून. छिद्रं ३.३ ची, सेंटर पंच मारून. बिट घसरू नये म्हणून पंच मारतात हे मला माहीत होतं, मी काल मारला नव्हता. काल घसरलेल्या बिटचे ओरखडे मामानं बघितले आणि त्यावर काही बोलला नाही, हे त्याचे उपकार.

मी म्हटलं, आता झाकण लावून बघू, आणि केजमध्ये डिस्क, डिस्कला वायर जोडून झाकण सरकवलं. फुगलं. मधोमध पोट आल्यासारखं. ३५ मिलिमीटरमध्ये साटाचा (डिस्क बोर्डाला जोडणाऱ्या वायरीचा) सरळ प्लग आणि त्याची वळणारी वायर मावत नव्हती.

‘म्हशीचं माप घेतलास खरं शेपटीचं घेतला न्हाईस,’ मामा म्हणाला. (आमच्याकडं ‘खरं’ म्हणजे ‘पण’. पुण्याच्या मित्रांना हे दरवेळी सांगावं लागतं.)

सही केलेला कागद खिशातच होता. काढला नाही.

बुधवार

काटकोनात वळलेले साटा प्लग खडेबाजारात एका दुकानात चारच मिळाले, दोन हुबळीहून मागवले. बोर्डावर साटाची तोंडंही चारच, म्हणून दोन तोंडांचं एक कार्डही घेतलं.

वीज येऊन-जाऊन होती. काही केलं नाही.

गुरुवार

दोन दिवसांत कापलेल्या कडांवर तांबूस गंज. आषाढात बेळगावात उघडा पत्रा ठेवणं म्हणजे भिंतीला लोणी लावून मांजराला राखण बसवणं. कानस मारून कडा मऊ केल्या (डाव्या अंगठ्याला आधीच एक चीर गेलेली आहे), रेड ऑक्साइडचा हात दिला. पुढच्या पत्र्याला १२० मिमीच्या पंख्यासाठी गोल कापला. गोल म्हणायचं एवढंच, कातरीनं कापलेला बटाटा आहे तो. स्क्रूची छिद्रं मात्र १०५ मिमीवर अचूक आली, त्यामुळे पंखा बसला आणि बटाटा जाळीमागं झाकला गेला.

मामाला फोन केला, सहाही डिस्क एसएमपीएसला जोडतो म्हणून. त्याचा पहिला प्रश्न: ‘सहाही मोटरी एकदम सुरू करूलास?’ हा प्रश्न मला पडलाच नव्हता. त्याच्या शेडमध्ये मोठ्या मोटरीला स्टार-डेल्टा स्टार्टर आहे, कारण सुरू होताना मोटर चालतानाच्या कितीतरी पट करंट ओढते. डिस्कचं तेच. फिरायला लागताना एकेक डिस्क १२ व्होल्टवर साधारण दोन अँपिअर घेते. सहा डिस्क, बारा अँपिअर, १४४ वॅट. जुन्या एसएमपीएसवर मोठ्या अक्षरात ४५० वॅट लिहिलंय आणि खाली बारीक अक्षरात १२ व्होल्टला १४ अँपिअर, म्हणजे १६८ वॅट. प्रोसेसरला उरले २४. मोठ्या कंट्रोलर कार्डावर डिस्क एकामागून एक सुरू करायची सोय असते, माझ्या बोर्डावर नाही. नवा एसएमपीएस घेतला. या महिन्याचा नवा ट्रायपॉड गेला.

शनिवार, रात्र

चालू झालं. सहाही डिस्क दिसल्या, प्रश्नचिन्हाचीसुद्धा. तिच्यात माझ्या बारशाचं व्हीएचएसवरून उतरवलेलं रेकॉर्डिंग निघालं. बाबा त्यात माझ्यापेक्षा लहान दिसतात.

साडेदहाला आई उठून आली. ‘पाण्याची मोटर बंद करायची राहिली काय रे?’ मोटर बंदच होती. ७२०० फेऱ्यांची डिस्क म्हणजे सेकंदाला १२० फेऱ्या. अशा सहा मिळून पत्र्याला धरून घुमत होत्या, आणि मामानं इतकं घट्ट ठोकलंय की सगळं कॅबिनेटच पेटीसारखं वाजत होतं. स्क्रू तपासले तर दोन डिस्कना मी सीडी ड्राइव्हचे बारीक एम-३ स्क्रू लावले होते. साडेतीन इंची डिस्कचे आटे इंचाला बत्तीस, जाड. त्यात एम-३ जातो आणि तसाच सैल राहतो, धरत नाही. ते बदलले. केज आणि एलच्या मध्ये सायकलच्या ट्यूबच्या चकत्या कापून घातल्या. आवाज गेला नाही, पण आता दार लावलं की ऐकू येत नाही.

तापमान बघितलं. वरच्या केजमधली मधली डिस्क ३९ अंश, बाकीच्या ३६-३७. टेबलावर उघड्या डॉकमध्ये (डिस्क खोचायच्या स्टँडमध्ये) यांतलीच एक ४८ ला जायची. बटाट्याच्या भोकातून वारा बरा येतोय.

रविवार

दोन डिस्कवर एकच व्हिडिओ असला तरी मी चुकून एकीवरून पुसला की दुसरीवरूनही जातो, आणि घरात पाणी शिरलं तर सहाही एकदम. म्हणून सर्वात मोलाचं तेवढं एका सातव्या, नव्या डिस्कवर उतरवून ती मामाच्या घरी ठेवायला नेली. बनियनचा तुकडा, कुंद्याचा सातवा रिकामा डबा, वर मार्करनं ‘उघडू नये’.

मामा शेडवर होता. मी डबा फळीवर ठेवून त्याला बोलवायला गेलो, येऊन बघतो तर मामी डबा उघडून उभी.

‘कुंदा म्हणून उघडलो मी,’ ती म्हणाली. आमच्याकडच्या बायका उघडलोच म्हणतात. ‘शहरातनं येऊलास आणि हे लोखंड आणूलास होय?’

परत स्कूटर काढली. मच्छेतच एका दुकानात मिळाला, पाव किलो.