गोळा कुठं पडला

28 सप्टेंबर म्हणजे आमचा गनर्स डे. 1827 साली याच तारखेला 5 बॉम्बे माउंटन बॅटरी उभी राहिली, तिथून तोपखान्याचा वाढदिवस धरतात. यंदा तो दिवस धरूनच आमच्या बॅचचं नाशिक रोडला जमायचं ठरलं. रात्रभर एसटीत बसून साताऱ्याहून गेलो, पहाटे उतरलो आणि कॅम्पच्या गेटवर गेलो तर छाती धडधडायला लागली, 1990 ला पत्र्याची ट्रंक घेऊन उभा होतो तशीच.

गावाकडं आम्ही सगळेच "देवळालीला ट्रेनिंग झालं" असं सांगतो, पण दोन्ही वेगळं आहे. देवळालीत स्कूल ऑफ आर्टिलरी, ते आताच्या पाकिस्तानातल्या काकूलहून इकडं आलं, तिथं ऑफिसर आणि उस्ताद लोक गनरीचे कोर्स करायला येतात. रंगरूट घडतो तो नाशिक रोडच्या आर्टिलरी सेंटरमध्ये. आमचं सगळं तिथंच, हजामत, पीटी, लंगरची रांग, कसम परेड.

कसम परेडबद्दल सांगायलाच पाहिजे. पायदळाच्या पलटणींना निशाण असतं, तोपखान्याला नसतं, आमची गन हेच आमचं निशाण. म्हणून गनसमोर उभं राहून कसम खायची. गन सोडायची नाही हे पहिल्या आठवड्यापासून कानात ओतलेलं, आणि त्यासाठी उमराव सिंगांची गोष्ट प्रत्येक उस्ताद सांगणारच. डिसेंबर 1944, ब्रह्मदेशात कलादान खोऱ्यात हवालदार उमराव सिंग जखमी असताना, दारूगोळा संपल्यावर, गन फिरवायचा लोखंडी दांडा घेऊन जपान्यांवर तुटून पडले आणि गनशेजारीच बेशुद्ध सापडले. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला त्यांना. मला ही गोष्ट आजही अंगावर काटा आणते.

तर आम्ही 23 जण आलो होतो. काही जण गेले, काहींची तब्येत नाही, काहींचा पत्ताच लागला नाही. हॉलमध्ये एवढा गोंगाट होता की चहा वाढणारी अग्निवीर पोरं बघत राहिली, कारण आम्ही सगळेच मोठ्यानं बोलतो, प्रत्येकाचा एक तरी कान कामातून गेलाय. माझा उजवा. मी लेयर होतो ना, 105 मिलिमीटरच्या फील्ड गनवर लेयर डाव्या अंगाला बसतो, ब्रीच, म्हणजे गोळा भरायचं तोंड, उजवीकडं, सगळा आवाज त्याच कानावर.

लेयरचं काम म्हणजे नळी दिलेल्या कोनावर आणायची. आमच्याकडं पूर्ण वर्तुळाचे 6400 मिल करतात, डिग्री वापरत नाहीत. एक मिल चुकली की दहा किलोमीटरवर गोळा दहा मीटर बाजूला. आमचे उस्ताद हरियाणाचे, मी "रेडी" म्हटलं की खाली वाकून बघायचे आणि "बुलबुला देख, बुलबुला" म्हणून मानेवर थाप द्यायचे, म्हणजे लेव्हलचा बुडबुडा बरोबर मध्ये आहे का ते बघ. तो केसभर सरकलेला असायचा. मग परत, परत, परत, हाताला घट्टे पडेपर्यंत. रात्री मी त्यांच्यावर चिडून रडलोय पण.

आणि गनवाल्याला गोळा पडलेला दिसत नाही, हे लोकांना पटकन समजत नाही. गन डोंगराच्या अलीकडं, निशाणा पलीकडं. तो बघतो फक्त ओपीवर, म्हणजे पुढच्या टेहळणीच्या जागेवर, बसलेला ऑफिसर आणि त्याच्याबरोबरचा रेडिओ ऑपरेटर, पायदळाच्या खांद्याला खांदा लावून. 1999 ला कारगिलच्या लढाईत द्रासला आम्ही दिवसरात्र फायर केला. हवा विरळ, त्यामुळं गोळा मैदानापेक्षा लांब जायचा, सगळे हिशोब नव्यानं. लोक बोफोर्सचं नाव घेतात, घ्यावंच, पण 105 वाल्यांनी तिथं काय केलं हे कुणी फारसं सांगत नाही याचं मला वाईट वाटतं. आणि एवढे गोळे सोडून मी एकही पडताना बघितला नाही. फक्त रेडिओवर आकडे यायचे, आम्ही फिरवायचो.

जेवताना शेजारी नगरचा बसला होता. ट्रेनिंगमध्ये माझ्या शेजारच्या खाटेवर असायचा, पुढं ऑपरेटर झाला, वेगळ्या रेजिमेंटला गेला. बोलता बोलता कळलं की तोही द्रासलाच होता, ओपीवर, एका पलटणीच्या कंपनीबरोबर. 34 वर्षांत आम्हाला एकमेकांचं हे माहीतच नव्हतं. मी विचारलं, कसं दिसायचं रे?

त्यानं भात कालवायचा थांबवला. म्हणाला, रात्री आधी डोक्यावरून फडकं फाडल्यासारखा आवाज जायचा, मग पुढची कडा लाल व्हायची, मग दगड खाली घरंगळत यायचे. कधी कधी आमच्यापासून दोनशे मीटरवर पडायचे. फायर थांबला की लगेच पोरांना वर चढायचं असायचं, म्हणून तो शेवटच्या मिनिटापर्यंत जवळ आणायचा.

"भ्या वाटायचं का?"

"वाटायचं की. आपल्याच गोळ्याचं जास्त. रेडिओवर आकडा सांगितला की मला ते उस्ताद आठवायचे, बुलबुलावाले. म्हणायचो खाली कुणीतरी बघत असंल."

मला पुढचा घास गेला नाही. तिथं कितीतरी रेजिमेंटच्या गन एकाच वेळी बोलत होत्या, त्यातला एखादा गोळा माझ्या गनचा होता का हे कुणालाच सांगता येणार नाही, आणि मी त्याला विचारलंही नाही.

दुपारी गनशेडमध्ये नेलं. एक जुनी 105 उभी होती. मी चष्मा काढून साइटला डोळा लावला, हात आपोआप चाकावर गेला. नगरचा मागं येऊन उभा राहिला, उजवीकडून काहीतरी बोलला, मला ऐकू आलं नाही. मग तो वळसा घालून डावीकडं आला आणि वाकून म्हणाला, "बुडबुडा बघ की आधी."

थोडा सरकलेला होता. मी मध्ये आणला.