शेवटचा शब्द शेवटच्या रांगेपर्यंत

गेली काही वर्षे मी आठवी-नववीच्या मुलांच्या नाटकाच्या तालमी घेते. शाळा सुटल्यावर दीड तास मिळतो, वर्गातले बाक भिंतीला लावून खडूने रंगमंचाची चौकट आखली जाते आणि पहिल्या दिवशी हमखास एक प्रश्न येतो : "ताई, मला किती वाक्यं आहेत?" पहिले दोन आठवडे मी संहिता वाटतच नाही. पालकांना त्याचे आश्चर्य वाटते, मुलांना थोडा रागही येतो; पण संहिता हातात पडली की मुले पाठांतराला लागतात आणि पाठ होताना वाक्याला जी चाल लागते ती पुढे काही केल्या सुटत नाही.

ही चाल पूर्वी मीच लावीत असे. मुलाला वाक्य जमले नाही की आपण ते म्हणून दाखवायचे, त्याने तसेच म्हणायचे आणि आपण समाधानाने पुढे जायचे, ही माझी पद्धत होती. एका स्पर्धेत प्रयोगानंतर परीक्षकांनी मला अगदी सौम्यपणे विचारले, "ही सगळी मुलं एकाच घरातली आहेत का हो?" आजोबा, शिपाई, शेजारीण, सगळ्यांच्या तोंडी माझेच हेल होते. तेव्हापासून म्हणून दाखवणे बंद केले.

मग शिकवायचे काय? माझ्या अनुभवात पहिले काम वाक्याच्या शेवटाचे असते. मराठीत क्रियापद बहुधा वाक्याच्या शेवटी येते, नकारही तिथेच येतो आणि मुलांचा श्वास नेमका तिथेच संपतो. "मी तुला ते पत्र कधीही देणार नाही" या वाक्यातला "मी" दणक्यात येतो आणि "नाही" घशातच विरतो. मागच्या रांगेतल्या माणसाला राग पोहोचतो, पण पत्र मिळणार की नाही हे कळत नाही. यावर "मोठ्याने बोल" ही सूचना निरुपयोगी आहे, कारण मूल मग सुरुवातच अधिक जोरात करते आणि श्वास आणखी लवकर संपवते.

म्हणून मी त्यांना सतरंजीवर उताणे झोपवते आणि प्रत्येकाच्या पोटावर त्याचीच कंपासपेटी ठेवते. श्वास घेताना पेटी वर गेली पाहिजे, खांदे हलता कामा नयेत. मग वाक्य म्हणायचे आणि पेटी पुरती खाली बसण्याआधी शेवटचा शब्द संपवायचा. पहिल्या दिवशी हसण्यामुळेच निम्म्या पेट्या घसरून पडतात आणि वर्गभर कर्कटक, पेन्सिली पसरतात. चौथ्या-पाचव्या दिवशी मुलांना आपसूक कळते की लांब वाक्यात श्वास कुठे घ्यायचा हे अर्थावरून ठरते, स्वल्पविरामावरून नव्हे.

याच शेवटच्या शब्दाचा दुसरा उपयोग मला उशिरा सापडला. समोरच्याचे वाक्य मुलांना पाठ असते, त्यामुळे बातमी ऐकण्याआधीच त्यांचा चेहरा रडवेला होतो. त्यावर एक साधा खेळ आहे. दोघांनी समोरासमोर उभे राहायचे. एकाने "मी उद्या तुझ्या घरी" इथपर्यंत म्हणून थांबायचे आणि मग "येईन" किंवा "येणार नाही" यांतले काहीही निवडायचे. दुसऱ्याने ते ऐकूनच एक पाऊल पुढे किंवा मागे टाकायचे. गेल्या वर्षी एका मुलीने मधला विराम इतका ताणला की समोरचा मुलगा टाच उचलून तसाच अधांतरी राहिला आणि कडेला बसलेली सगळी मुले गप्प झाली. त्या दिवशी विराम म्हणजे काय यावर मला वेगळे बोलावे लागले नाही.

या वयात मुलांचा आवाज फुटत असतो, हेही विसरून चालत नाही. अशा मुलाला आरडाओरड्याची भूमिका देऊ नये आणि त्याच्याकडून जुनी वरची पट्टी तर मुळीच मागू नये. पोस्टमनची भूमिका करणाऱ्या एका मुलाने सातवीत खणखणीत आवाजात बक्षीस मिळवले होते. आठवीत त्याचा आवाज मध्येच चिरकू लागला आणि तो तालमीला येईनासा झाला. त्याला खालच्या पट्टीत, सावकाश बोलणारा हेडमास्तर दिला, तेव्हा तो परत आला.

भरताच्या नाट्यशास्त्रात आंगिक (शरीराचा), वाचिक (वाणीचा), आहार्य (वेशभूषा-रंगभूषेचा) आणि सात्त्विक (मनातल्या भावाचा) असा चतुर्विध अभिनय सांगितला आहे. शाळेच्या नाटकांत यांपैकी आहार्याची फार काळजी घेतली जाते. भाड्याचे फेटे आणि चिकटवलेल्या मिशा आठवडाभर आधी ठरलेल्या असतात. आंगिकाचे मात्र वाकलेली पाठ आणि थरथरती काठी एवढ्यावर भागते. पुण्यात १९८६ साली डॉ. मोहन आगाशे यांनी बर्लिनच्या ग्रिप्स या मुलांसाठीच्या रंगभूमीची नाटके मराठीत आणली, त्यांत मोठी माणसे मुलांच्या भूमिका करीत आणि त्यासाठी त्यांना खरी मुले पाहावी लागत. आमच्याकडे उलट असते, म्हणून मी मुलांना घरचा अभ्यास देते : आजोबा चप्पल कशी घालतात ते पाहून या. एक जण सांगत आला की आजोबा आधी भिंतीला हात लावतात, चप्पल पायानेच सरळ करतात आणि त्या वेळी बोलायचे थांबतात. त्यानंतर काठी लागली नाही.

प्रकाशात उभे राहणे हे त्या मानाने पटकन जमते. पूर्वी हॅलोजनचा स्पॉट चेहऱ्यावर ऊब देत असे, ती शोधा म्हणून सांगता येई. एलईडीत ती सोय राहिली नाही, म्हणून आता जमिनीवर चिकटपट्टीची खूण करतो.

सध्या आमच्या सभागृहात पंख्यांचा घरघराट आहे. रंगीत तालमीला मी पंखे मुद्दाम चालू ठेवते आणि शेवटच्या रांगेत पाठमोरी बसते. एखाद्या वाक्याचे क्रियापद ऐकू आले नाही की हात वर करते. काल पहिल्या अंकात नऊ वेळा हात वर गेला, त्यांतले चार हेडमास्तरांसाठी होते.