आमच्या मंडळाचा किल्ला आणि भाऊबीजेची संध्याकाळ

भाऊबीजेला संध्याकाळी आमच्या मंडळाचा किल्ल्याचा कार्यक्रम असतो. नारळ, पाहुण्यांचं भाषण, शाल-श्रीफळ हे सगळीकडे होतं तसंच होतं, त्यावर काय लिहायचं. मी जातो ते पोरांसाठी. सातवी-आठवीतलं एखादं पोर हातात छडी घेऊन किल्ल्याशेजारी उभं राहतं आणि माहिती सांगायला लागतं ना, दरवर्षी माझे डोळे भरून येतात.

सिंधुदुर्ग केला ते वर्ष तर विसरूच शकत नाही. मालवणच्या समोर कुरटे बेटावर 1664 ला काम सुरू झालेला हा जलदुर्ग आम्ही 1:200 ला केला, म्हणजे साधारण 30 फुटी तट आमच्याकडे पावणेदोन इंचाचा. सॅटेलाइट फोटोची प्रिंट काढून चौकोन आखले, तट पुठ्ठ्याच्या पट्ट्यांचा, वरून शाडू, दगडांच्या रेघा टाचणीने. काही मोठी माणसं म्हणाली तटाची नागमोडी वळणं सरळ करून टाका, वेळ वाचेल, पण पोरं अजिबात ऐकेनात. बाजारातले मावळे तटावर ठेवायचे नाहीत हेही त्यांनीच ठरवलं, कारण तीन इंची मावळा या स्केलला 50 फुटी होतो, तटापेक्षा उंच! ते सगळे मग बारक्यांच्या किल्ल्यावर गेले.

तर त्या संध्याकाळी एक मुलगी पाहुण्यांनाच म्हणाली, "काका, तुम्ही शत्रू आहात, होडीतून आलात, आता दरवाजा दाखवा." सगळे वाकून बघतायत, दिसेना. मग तिने छडी ठेवून दाखवलं की बुरुज असे पुढे येऊन वळतात की दरवाजा आत लपतो, समोरून तोफ डागायची सोयच नाही. मग दूधबाव, दहीबाव, साखरबाव, चहूकडे खारं पाणी आणि किल्ल्यात गोड्या पाण्याच्या विहिरी. कागद एकदाही बघितला नाही, कशाला बघेल, तो दरवाजा तिनेच मोडून मोडून परत केला होता.

टाळ्या वाजवायला अख्खी गल्ली होती. पण माती चाळायला, पोती भिजवायला फोन केले की "आलोच" म्हणतात आणि येत नाहीत, फोटोत मात्र पुढे. याचं वाईट वाटतं, लिहितोच.

जे आले ते सांगायलाच हवेत. पोती देणारे किराणावाले काका, लाइटचं कनेक्शन देणारे इस्त्रीवाले दादा, परतीच्या पावसात रात्री उठून ताडपत्री टाकणारे वॉचमनकाका, रोज चहा पाठवणाऱ्या तळमजल्यावरच्या काकू, विटा आणून देणारा रिक्षावाला मित्र, रंगाचं बघणारे ड्रॉइंगचे सर, आणि हो, गेरू त्यांच्या वहिनींनी दिला होता. कुणी राहिलं असेल तर प्लीज सांगा, नाव घालतो.

2025 च्या जुलैत 12 किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यात सिंधुदुर्गही आहे. ग्रुपवर पहिला मेसेज त्याच मुलीचा. आता राजगड घ्यायचाय, तिन्ही माच्या अंगणात मावणार नाहीत म्हणून बालेकिल्ला आणि पद्मावती माचीच करू. माती रविवारी येतेय, सकाळी सातला या.