तुम्ही विचारलंत म्हणून: या वयात रोमान्स मांगा?

घरी येणारी माणसं पुस्तकांच्या कपाटापाशी थबकतात. "ही जपानी चित्रांची पुस्तकं मुलीची ना?" माझीच आहेत म्हटलं, की पुढचा प्रश्न ठरलेला: "शाळकरी पोरांच्या प्रेमकथांत या वयात काय आवडतं तुम्हाला?"

तिथे प्रेमाला घाई नसते, ते आवडतं. कारुहो शीना यांची 'किमी नि तोदोके' ही मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, घ्या. 'बेस्सात्सु मार्गारेट' या मासिकात ती २०१७ पर्यंत चालली, एकूण ३० खंड. नायिका सावाको कुरोनुमा. लांब काळे केस, फिकट चेहरा, म्हणून वर्गानं तिला भयकथेतल्या भुतावरून 'सादाको' करून टाकलंय. सगळ्यांचा लाडका काझेहाया तिला 'कुरोनुमा' म्हणतो. तिचं खरं आडनाव, एवढंच. तेवढ्यानं ती हरखून जाते, आणि तिच्याबरोबर मीही. जपानी शाळेत मुलं एकमेकांना आडनावानं हाक मारतात. तिथून पहिल्या नावावर येणं हा मोठाच टप्पा. माझ्या आजीनं आजोबांचं नाव जन्मभर फक्त उखाण्यात घेतलं. नाव घेण्यात काय काय असतं, हे मला कुणी वेगळं समजावायला लागलं नाही.

आणि चित्रं! एरवी शीना सावाकोला कितीदा तरी बुटकी, ठिपक्यांच्या डोळ्यांची काढतात. मग एखाद्या क्षणी ती मनापासून हसते आणि अचानक पूर्ण चेहरा समोर येतो, डोळ्यांत उजेड, भोवतीच्या चौकटी गळून पडलेल्या, मागे नुसता कोरा कागद. तिथे माझं बोट पानावरच थांबतं. चौकट मोडून मन कागदभर पसरू देण्याची ही रीत १९७०च्या दशकात मोतो हागिओ, केइको ताकेमिया यांच्यासारख्या चित्रकर्तींनी रुजवली. एरवी चित्रामागे दिसणारी ठिपक्यांची करडी छटा म्हणजे चिकटवायचा पातळ कागद. तो कापून लावायचा आणि उजेड हवा तिथे पात्यानं खरवडायचा. आता बरंचसं काम संगणकावर होतं, पण जुन्या पानांवरचे ते ओरखडे मी अजून शोधत बसते.

शब्दही चित्रातच लिहिलेले. छातीतल्या धडधडीला 'दोकि दोकि'. शांततेलाही आवाज आहे, 'शीन'. हुरहूर, कालवाकालव, चुटपुट असे शब्द रोज वापरणाऱ्या आपल्याला ते परके वाटूच नयेत.

सगळंच चांगलं असतं असं नाही. मुलीचा नकार ज्याच्या कानावरच पडत नाही असा नायक आला, की मी पुस्तक मिटते. काझेहाया तसा नाही. पण खरं सांगू? माझ्या डोळ्यांत पाणी येतं ते त्याच्यामुळे नाही, मैत्रिणींमुळे. यानो आणि चिझुरू या दोघींची आपल्यामुळे बदनामी होऊ नये म्हणून सावाको त्यांच्यापासून लांब राहायला लागते. पण त्यांच्याबद्दल वाईटसाईट बोलणाऱ्या मुली शाळेच्या स्वच्छतागृहात भेटतात, तेव्हा हीच भित्री मुलगी त्यांच्यासमोर एकटी उभी ठाकते. ते प्रकरण मी किती वेळा वाचलंय, मोजलेलं नाही.

पुढच्या वेळी आलात की पहिला खंड घेऊन जा. फक्त उजवीकडून डावीकडे वाचायचा, नाहीतर उत्तर आधी येतं आणि प्रश्न नंतर.