हेम्माडग्याच्या रानात भुंकणारं भेकर

बेळगाव जिल्ह्यातलं खानापूर सोडलं, मणतुर्ग्याजवळचा हलात्री नाला ओलांडला आणि रान दोन्ही बाजूंनी जवळ आलं. भातकापणीचे दिवस. ओल्या पेंढ्याचा वास हेम्माडग्यापर्यंत सोबतीला होता. इथलं भीमगड अभयारण्य 2011 साली जाहीर झालं, क्षेत्र साधारण 190 चौरस किलोमीटर. पण आत गवाळी, तळेवाडी अशी आपली मराठी बोलणारी गावं त्याच्या कितीतरी आधीपासून आहेत.

संध्याकाळी गावातल्या एका मामांबरोबर ओहळापर्यंत गेलो. पलीकडच्या झाडीतून कुत्रं भुंकल्यासारखा आवाज आला. थोडं थांबून पुन्हा.

"कुत्रं नव्हे, भेकर हाय ते. गप उभे ऱ्हावा, काय तरी दिसलंय त्याला."

भेकर म्हणजे छोटं हरीण. त्याला दिसलेला बिबट्या असेल, कोळसुंदे म्हणजे रानकुत्रे असतील. आम्हाला काहीच दिसलं नाही. अंधार पडेपर्यंत ते भुंकत राहिलं आणि आम्ही श्वास रोखून ऐकत राहिलो.

सकाळी मात्र दिसलं. आवळ्याखाली एकटा नर, शेळीएवढा, तांबूस. कपाळावर दोन काळ्या रेघा, त्या वर चढत जाऊन केसाळ खुंटांना मिळतात आणि त्या खुंटांवर आखूड शिंगं. नराला वरच्या जबड्यात सुळेही असतात. एकेक पाय उंच उचलून, जपून टाकत ते चालत होतं. पडलेले आवळे भेकर गिळतं आणि नंतर रवंथ करताना बिया तोंडातून टाकतं. म्हणजे आवळ्याची नवी रोपं कुठे उगवणार, यात त्याचाही हात असतो. मला हे फार सुंदर वाटतं.

परत येताना शेताच्या बांधाला मामा एकदम खाली बसले. कुंपणाच्या फटीत मोटारसायकलच्या क्लच वायरचा फास होता.

"डुकरासाठी लावत्यात. सापडतंय भेकर."

एका रात्रीत डुकरं भाताचं वावर लोळवतात, हे मी पाहिलंय; शेतकऱ्याचा राग खोटा नाही. त्याला भरपाई वेळेवर मिळायलाच हवी. पण काही फास मटणासाठीच लावले जातात आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो सरळ गुन्हा आहे. भेकर मान खाली घालून, ठरलेल्या वाटेनंच झुडपात शिरतं. फास नेमका त्या उंचीवर असतो. धोक्यातल्या प्राण्यांच्या जागतिक यादीत (आययूसीएनच्या लाल यादीत) भेकराला फारसा धोका नाही असं लिहिलंय. या बांधावर उभं राहून मला ते पटेना.

मामांनी वायर गुंडाळून पिशवीत टाकली. त्याच बांधाला आणखी दोन निघाल्या. त्या सोडवेपर्यंत ऊन वर आलं होतं.